हँडबिल छापण्यापूर्वी

मिरजेत आमच्या गल्लीतील एका भाभींच्या घरी कॉटखाली गुलाबी कागदाचे दोन गठ्ठे पडून होते. पावसाळ्यात जमिनीला ओल येते म्हणून त्यांनी त्याखाली विटा ठेवल्या होत्या. आम्ही सहज एक कागद ओढून पाहिला. ते शिलाईकामाचे हँडबिल होते. दोन हजार छापलेली, जेमतेम सहाशे वाटलेली.

"टाकवतही नाहीत भाईजान," भाभी म्हणाल्या, "भिशीचे पैसे आहेत ते."

आमची निम्मी हयात छापखान्यात गेली. आधी खिळे जुळवले, मग डीटीपी शिकलो, आणि आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुले काम पाहतात. असे पडून राहिलेले गठ्ठे आम्ही शेकड्याने पाहिले आहेत; त्यातले काही आम्हीच छापून दिले होते, हे कबूल केले पाहिजे. गिऱ्हाईक जे लिहून आणील ते छापायचे, एवढाच धंदा. त्या कागदाने पुढे काय केले हे विचारायला छापखानावाला जात नाही. पण भाभींच्या घरी चहा पिताना ते विचारणे भाग पडले.

त्या गुलाबी कागदावर काय नव्हते! वर गोल कमानीत दुकानाचे नाव, त्याखाली "आमचे येथे सर्व प्रकारचे लेडीज, जेंट्स व लहान मुलांचे कपडे योग्य दरात शिवून मिळतील." मग ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, बुरखा, शाळेचा युनिफॉर्म, फॉल-पिको, गोधडी, पडदे, उशांचे अभ्रे, आल्टरेशन, शिवणक्लास, मेंदी क्लास. चारी बाजूंनी गुलाबाची वेलबुट्टी. पाच तऱ्हेचे टाइप. पत्ता "मशिदीजवळ". मिरजेत मशिदी किती आहेत ते मिरजकरांना सांगायला नको. आणि सर्वांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, मोबाईल नंबर.

तो नंबरही भाभींचा नव्हता. मुलाचा होता.

घरात त्यावरून बराच खल झाला होता म्हणे. बाईमाणसाचा नंबर दोन हजार कागदांवर छापून गावभर वाटायचा, हे भाभींच्या मिस्टरांना पटले नाही. त्यांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. रात्री अकराला "कोण बोलतंय?" विचारणारे फोन कोणत्या घरात आले नाहीत? म्हणून मुलाचा नंबर दिला. मुलगा डिप्लोमाला, दिवसभर कॉलेजात. फोन येत होते. तो तासाला बसलेला. संध्याकाळी मिस्ड कॉल पाहून फोन लावावा तर समोरची बाई म्हणे, "मी दुसरीकडे दिलं बाई शिवायला." आणि पुरुषाचा आवाज ऐकून काहींनी फोनच ठेवला असेल, कारण मापाच्या गोष्टी बाई बाईशीच बोलते.

म्हणजे हँडबिल अगदीच वाया गेले नव्हते. वेलबुट्टी असून, पाच टाइप असून, बायकांनी तो मुंगीएवढा नंबर शोधून फोन केले होते. अडले ते शेवटच्या पायरीवर. ही गोष्ट भाभींना कळली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी तोवर असेच धरले होते की आपल्या हाताला कुणी विचारत नाही.

हँडबिल कसे असावे, याचा आम्ही जो विचार करतो तो इथून, शेवटाकडून. कागद वाचून बाईने नेमके काय करावे असे आपल्याला वाटते? फोन करावा? कोणत्या वेळी? तो कोण उचलणार? घरी यावे? जिना कोणत्या बाजूने? हे आधी ठरवावे, मग कागदाकडे वळावे. आपल्याकडे उलटे होते. आधी कमान, मग गुलाब, आणि जागा उरली तर नंबर.

नंबराचा प्रश्न भाभींच्या घरी पुढे असा सुटला की धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घेतले. जुना, बटणांचा मोबाईल कपाटात होताच. सिम त्यात टाकले, आणि कागदावर छापले: "फक्त महिलांसाठी. फोन सकाळी ११ ते संध्याकाळी ६." सहानंतर तो मोबाईल बंद करून मशीनच्या खणात ठेवायचा. तेवढ्याने मिस्टरांचा जीव भांड्यात पडला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावे. त्यात कामाच्या वेळा टाकता येतात, आणि वेळेबाहेर कुणी मेसेज केला तर ठरलेले उत्तर आपोआप जाते. बाईचा स्वतःचा फोटो किंवा पूर्ण नाव छापलेच पाहिजे असे मुळीच नाही. भाभींनी दुकानाला मुलीचे नाव दिले आहे, ते पुरते. पण फोन उचलणारी व्यक्ती तीच हवी जिला काम माहीत आहे. मुलाचा, दिराचा, भाच्याचा नंबर कृपा करून देऊ नका.

आता मजकुराकडे येऊ. दारात आलेला कागद माणूस किती वेळ पाहतो? वर्तमानपत्र झटकले की तो खाली पडतो. उचलून केराच्या टोपलीकडे नेईपर्यंत जेवढी पावले पडतात तेवढाच त्याचा वेळ. त्या वेळात अकरा गोष्टी सांगितल्या तर एकही पोचत नाही. भाभींना आम्ही म्हटले, यातली एक निवडा. त्यांना ते फार जड गेले. "बाकीचं काम नको म्हणायचं का?" नको कशाला म्हणायचे? युनिफॉर्म शिवायला आलेली आई ब्लाऊजही देतेच. पण तिला जिन्यावर चढवायला एकच कारण लागते.

त्यांनी युनिफॉर्म निवडला. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक आईला घोर लागतो की तयार युनिफॉर्म कंबरेत सैल आणि उंचीला तोकडा निघाला तर काय करायचे. म्हणून दुसऱ्या हँडबिलाची पहिली ओळ झाली: "युनिफॉर्म मापात बसत नाही? आज माप द्या, पाचव्या दिवशी न्या." खाली शिलाईचे दर. "योग्य दरात" हे शब्द आम्ही खोडले. योग्य दर म्हणजे किती, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शंभर लिहिले की कळते. दर छापला की घासाघीस होईल अशी भीती असते. आमचा अनुभव उलटा आहे. दर छापलेला असला की विचारायला संकोचणारी बाईही येते.

"आमचे येथे", "एक वेळ अवश्य भेट द्या", "ग्राहकांचा संतोष हेच आमचे ध्येय" ही वाक्ये आम्ही हजारो वेळा जुळवली आहेत. त्यांनी आजवर कुणाला उंबरठा ओलांडायला लावले असेल असे वाटत नाही. त्या जागी एखादी खरी गोष्ट लिहावी: "शिलाईत दोन इंच कापड ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवता येईल." ही ओळ भाभींची स्वतःची, आणि आमच्या मते साऱ्या कागदावर हीच सर्वांत मोलाची. ज्या आईला दरवर्षी नवा युनिफॉर्म परवडत नाही तिच्याशी ती थेट बोलते.

पत्त्यासाठी खूण लिहावी, आणि ती खूण रिक्षावाल्यालाही ठाऊक असावी. घराच्या दारातून मुख्य रस्त्यापर्यंत स्वतः चालत जावे आणि वाटेत जे दिसेल ते लिहावे: कोपऱ्यावरची गिरणी, निळे गेट, दुसरा जिना.

कागदाच्या माथ्यावर काय छापावे, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. पुष्कळांना वर बिस्मिल्लाह हवे असते, किमान ७८६ तरी. भावना आम्ही समजतो. पण हँडबिल हा पायाखाली येणारा, भेळेला जाणारा, गटारात वाहणारा कागद आहे. ज्या अक्षरांची अदब राखायची ती अशा कागदावर छापूच नयेत, असे आमच्या वडिलांनी छापखान्यात आम्हाला सांगितले होते, आणि गिऱ्हाईकालाही ते तसेच समजावत. बहुतेकांना पटे. मनात बिस्मिल्लाह म्हणून मजकूर लिहायला बसावे. कागदावर सर्वांत वरची जागा कामाच्या ओळीसाठी मोकळी ठेवावी.

उर्दूचेही तसेच. मराठी आणि उर्दू दोन्ही हवे असेल तर एकाच बाजूला अर्धे-अर्धे कोंबू नये. नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली उतरत येतात, तिला ओळीची उंची जास्त लागते. मराठीशेजारी ती दाटीवाटीने बसवली की दोन्ही वाचवत नाहीत. एका बाजूला मराठी, पाठीमागे उर्दू, हे बरे. शिवाय उर्दू मजकूर मोबाईलवरून घेऊन कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत टाकला की अक्षरे सुटी होतात, कधी उलटीही लागतात. ऑपरेटरला उर्दू येत नसेल तर त्याला ते दिसतही नाही. छापण्याआधी उर्दू वाचणाऱ्या माणसाने प्रूफ पाहिलेच पाहिजे. मराठीचीही फजिती होतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, त्यात रफार सरकतो आणि "वर्षे", "ऱ्या" अशा जागी भलतेच चिन्ह उमटते.

कागद आणि रंग यांबद्दल थोडक्यात. हँडबिलाला डेमी १/८ किंवा ए-५ हा आकार, म्हणजे साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढा, पुरेसा होतो. एका बाजूला छापायचे तर ७० जीएसएमचा साधा कागद चालतो. दोन्ही बाजूंना छापायचे असेल तर जरा जाड घ्यावा, नाहीतर पाठची अक्षरे पुढे दिसतात. ऑफसेटवर चार रंगांच्या कामाला चार प्लेटा लागतात, एका रंगाला एक. प्लेटेचा खर्च शंभर प्रती काढल्या तरी तेवढाच, म्हणून छापखानावाला म्हणतो, "हजारच घ्या, स्वस्त पडतील." प्रत स्वस्त पडते हे खरे, पण कॉटखाली गेलेली प्रत कितीला पडली? पहिल्या वेळी दोनशे-तीनशे प्रती डिजिटलवर किंवा झेरॉक्सवर काढाव्यात. पिवळ्या कागदावर काळी शाई ही जोडी आजही उठून दिसते, आणि खिशाला झेपते. गुलाबी कागद वाईट नाही; भाभींच्या हँडबिलात त्याचा काही दोष नव्हता.

रंगीतच करायचे तर मोबाईलच्या पडद्यावरचा पोपटी हिरवा कागदावर तसा येत नाही, मळकट उतरतो, हे आधीच माहीत असावे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की त्यातला बारकावा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कापताना कागद दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून नंबर अगदी कडेला ठेवू नये. शेवटचा आकडा कापलेली हजार हँडबिले आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिली आहेत. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून, ठळक छापावा. देवनागरीतील १ आणि ९ बारीक टाइपात सारखेच दिसतात, तेव्हा फोन नंबरापुरते इंग्रजी आकडे घेतले तरी चालतील. क्यूआर कोड टाकणार असाल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळाच हवा, आणि छापील प्रुफावरून घरातल्या सर्वांत जुन्या मोबाईलने तो उघडून पाहावा.

प्रूफ आले की आम्ही एक करतो. घरातल्या ज्येष्ठ खालांच्या हातात, चष्मा लावून, तो कागद देतो. मनात तीन आकडे मोजतो आणि काढून घेतो. मग विचारतो, काय विकतात? कुठे? कधीपर्यंत? भाभींच्या दुसऱ्या हँडबिलाला खाला म्हणाल्या, "युनिफॉर्म शिवतात, पाच दिवसांत देतात, पण कुठं ते दिसलं नाही." पत्ता मोठा केला. यानंतर नंबर स्वतः डायल करून पाहावा. प्रुफावरचा, पाठ असलेला नव्हे. पाठ असलेला नंबर डोळे चुकीचा वाचतच नाहीत.

वाटपावर जेवढा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही. पेपरवाल्याला शेकड्यामागे पैसे दिले की काम झाले असे वाटते. दिवाळीच्या तोंडावर एका पेपरात पाच-सहा कागद असतात, त्यात आपला सातवा. आमच्या नात्यातील एक खाला डबे देतात. मिरजेत दवाखान्यांमुळे बाहेरगावचे, कर्नाटकातलेही, पेशंट येतात आणि सोबतच्या नातेवाइकांच्या जेवणाची आबाळ होते. त्यांना पेपरात कागद टाकून काय उपयोग? त्यांचा वाचक मिरजेत पेपर घेतच नाही. खालांचे हँडबिल पोस्टकार्डाएवढे, एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. त्यावर मुगाची खिचडी, मऊ भात, ज्वारीची भाकरी, डब्याचा दर, डबा गेटवर किती वाजता मिळेल ते, आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. तो क्रमांक पाहून परका माणूसही निश्चिंत होतो. औषधाच्या दुकानात आणि लॉजच्या काउंटरवर मालकाला विचारून पन्नास-पन्नास ठेवतात. भिंतीवर, खांबावर चिकटवायचा मोह खालांच्या नातवाला झाला होता; परवानगीशिवाय तसे करणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कागदावर आपलाच नंबर असतो, शोधायलाही जावे लागत नाही.

भाभींनी तीनशे प्रती स्वतः आणि शेजारणीने मिळून वाटल्या, लहान मुले असलेल्या घरी, दुपारी चारच्या सुमारास. दाराशी दोन शब्द बोलून. कोपऱ्यात छोटी ओळ होती: "हा कागद आणल्यास एका साडीला पिको मोफत." त्यामुळे किती कागद परत आले ते मोजता आले. आम्ही गल्लीगल्लीच्या कागदांवर पेनने वेगळा ठिपका दिला होता, त्यावरून कुठून बायका आल्या तेही कळले. सर्वांत जास्त आल्या त्या आम्ही शेवटी, उरले म्हणून वाटलेल्या कॉलनीतून.

हिशेब साधा ठेवावा. समजा छपाईला सहाशे रुपये गेले आणि एका युनिफॉर्मामागे धागा-बटण वजा जाता ऐंशी रुपये उरतात, तर आठ युनिफॉर्मांत खर्च निघाला. तेवढेही आले नाहीत तर पुढचे हँडबिल छापण्याआधी मजकूर बदलावा, प्रती वाढवू नयेत.

आता भाभी रमजानच्या कागदाची तयारी करत आहेत. ईदचे शिवणकाम सुरुवातीच्या रोज्यांतच भरते. विसाव्या रोज्याला हँडबिल वाटून उपयोग नाही, कारण तेव्हा शिंपी कापड परत पाठवत असतात. म्हणून शब-ए-बरातच्या सुमारास वाटायचे. पाठीमागे सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक छापणार आहेत, म्हणजे कागद महिनाभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहील. असे हँडबिल कुणी टाकत नाही. मात्र यात छपाईची चूक म्हणजे लोकांच्या रोज्याशी खेळ. भाभींच्या मुलाने मोबाईलवरून मुंबईचे वेळापत्रक उतरवून आणले होते. मिरज मुंबईच्या पूर्वेला, सूर्यास्तात पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. तो कागद आम्ही बाजूला ठेवला आणि त्याला म्हटले, गावच्या मशिदीतून छापील वेळा घेऊन ये, आणि तीस दिवसांचे आकडे तू मोठ्याने वाच, अम्मी तपासतील.

आणि ते गुलाबी गठ्ठे? भाभींनी त्यांचे चार-चार तुकडे कापून सुतळीत ओवले आहेत. पाठच्या कोऱ्या बाजूवर मापे लिहितात: छाती, कंबर, उंची, बाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी, कपड्याला टाचणीने लावलेली. एक गठ्ठा जवळजवळ संपत आला आहे.